हिरव्या ठिपक्यात दूधही बसतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलुंडच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. दीड वर्षाचा असताना तपासण्या होऊन दुधाची ॲलर्जी असल्याचं निदान झालं. अधूनमधून दम्याचा त्रासही होतो. गेल्या दोन महिन्यांत दोनदा गडबड झाली. एकदा सोसायटीतल्या वाढदिवसाला ‘नॉन-डेअरी क्रीम’चा केक खाल्ला आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. दुसऱ्यांदा नेहमीच्याच बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा खाल्ला आणि उलट्या झाल्या. त्या लिहितात, “मी हिरवा ठिपका बघते, ‘मिल्क’ शब्द शोधते. घटकांच्या यादीतल्या त्या आकड्यांचं काही कळत नाही. आता पाकीटबंद सगळं बंद करून फक्त घरचं आणि ओळखीच्या दुकानातलं सुटं द्यायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, रोज थेंब थेंब तूप दिलं की सवय होईल. बरोबर करतेय ना मी?”

ताई,

दोनदा फसगत झाल्यावर सगळी पाकिटं कपाटातून काढून फेकावीशी वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, ती आधी तपासून बघू. पाकीट म्हणजे धोका, आणि घरचं-सुटं म्हणजे बिनधोक. दुधाच्या ॲलर्जीत हे बरेचदा नेमकं उलटं निघतं. पाकिटावर, मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, आत काय घातलंय ते लिहावं लागतं. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याच्या बरणीवर काहीच लिहिलेलं नसतं. चकलीला मोहन तेलाचं की लोण्याचं, शंकरपाळे दुधात भिजवलेत की पाण्यात, हे कधीकधी विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण माल दुसऱ्याच कुणाच्या घरून आलेला असतो. तेव्हा पाकिटं टाकू नका, ती नीट वाचायला लागा. कडक नियम लावायचे ते सुट्या मालाला.

आधी तुमच्या दोन खुणांबद्दल. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. आपल्याकडे दूध शाकाहारातच धरतात, म्हणून पेढ्याच्या खोक्यावरही तोच ठिपका आणि पापडाच्या पुड्यावरही तोच. ॲलर्जीसाठी तो बघायचाच नाही. ‘व्हीगन’ चिन्हाचा उपयोग जास्त. हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि वर छोटं पान, असं ते दिसतं. त्याचे नियम 2022 मध्ये आले. ते चिन्ह असलेल्या मालात दुधाचा कुठलाही घटक घालता येत नाही, त्यामुळे दुकानात निवड करायला ते बरं. मात्र ते काय घातलंय याबद्दल बोलतं. त्याच यंत्रावर सकाळी दुधाची बिस्किटं निघाली होती का, याची हमी त्यातून घेऊ नका.

आता ‘नॉन-डेअरी’ केक. केकवाल्याने खोटं सांगितलं असं मानायचं कारण नाही. या क्रीममधली चरबी दुधाची नसते, पाम किंवा तत्सम तेलाची असते, म्हणून ते नाव. पण ती चरबी पाण्यात एकजीव राहावी आणि फेटल्यावर फुगावी म्हणून तिच्यात अनेकदा सोडियम केसिनेट घालतात. केसिनेट म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन. चहा-कॉफीत टाकायच्या ‘क्रीमर’ पावडरीचीही तीच गत. तुमच्या मुलाचं शरीर चिडतं ते दुधाच्या प्रथिनावर. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ‘लॅक्टोज-फ्री’ दूध चालेल का? नाही, त्यात दुधातली साखर (लॅक्टोज) फोडलेली असते, प्रथिनं जागच्या जागी. ‘ए-टू’ दूध? तेही केसीनच, फक्त जरा वेगळ्या घडणीचं. म्हशीचं, शेळीचं? प्रथिनं इतकी सारखी की बहुतेक मुलांना त्यानेही त्रास होतो. खूप उकळलं तर? केसीन उकळीला दाद देत नाही. आणि ‘दूध पचत नाही, गॅस होतो’ म्हणणारे नातेवाईक वेगळ्या दुखण्याबद्दल बोलत असतात. त्यांना जे चालतं ते याला चालेलच असं नाही.

आता पाकीट हातात घ्या आणि उलटं करा. तीन ठिकाणं वाचायची.

पहिलं ठिकाण ‘कन्टेन्स’ची ओळ. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांप्रमाणे ॲलर्जी आणणाऱ्या आठ गटांपैकी काही घातलं असेल तर ते वेगळं जाहीर करावं लागतं. ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन, ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट, आणि दूध व दुधाचे पदार्थ हे ते आठ. ही ओळ बहुधा घटकांच्या यादीच्या खाली असते. कधी ठळक, कधी नाही, कधी पुड्याच्या शिवणीत अर्धी दाबलेली. ‘कन्टेन्स व्हीट, मिल्क, सोय’ असं दिसलं की विषय संपला, पुडा परत फळीवर.

पण त्या ओळीत दूध नाही म्हणून तिथेच थांबू नका. छपाईत चुका होतात, आणि लहान उत्पादकांकडून ती ओळ राहूनही जाते. म्हणून दुसरं ठिकाण, घटकांची पूर्ण यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जास्त असेल ते आधी. नजर फसते ती कंसात. मसाला वेफर्सचं पाकीट घ्या. आधी बटाटे, मग खाद्यतेल, मग ‘सीझनिंग’, आणि सीझनिंगच्या पुढे कंस उघडून साखर, मीठ, मिल्क सॉलिड्स, मसाले, दोन-चार आकडे, कंस बंद. वाचणारा ‘सीझनिंग’पाशी पोचला की त्याला वाटतं, हा मसाला, आणि तो पुढे सरकतो. दुधाची पावडर नेमकी त्या कंसात असते. टोमॅटोच्या, चाट मसाल्याच्या, ‘क्रीम अँड अनियन’च्या चवीत तिने आंबट-तिखटपणा गोल होतो, म्हणून ती घालतात. साध्या खारवलेल्या वेफर्समध्ये ती बहुधा नसते. एकाच कंपनीची दोन पाकिटं शेजारी धरून वाचा, फरक दिसेल.

शोधायचे शब्द असे. ‘मिल्क’ ज्यात आहे ते सगळे: मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, मिल्क फॅट, मिल्क प्रोटीन. मग व्हे आणि व्हे पावडर, म्हणजे पनीर काढल्यावर उरतं ते पाणी, वाळवलेलं. केसीन आणि त्याचे भाऊबंद, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट. लॅक्टोज, साखर असली तरी ती दुधातूनच काढतात आणि तिला प्रथिनाचा अंश चिकटून येऊ शकतो. लॅक्टाल्ब्युमिन, लॅक्टोग्लोब्युलिन. बटर, बटर ऑइल, घी, चीज पावडर, कर्ड पावडर, बटरमिल्क पावडर, क्रीम, खवा, मावा, छेना. हिंदी छपाई असेल तर ‘दुग्ध ठोस’. घरी आजीला इंग्रजी लेबल वाचायला जड जात असेल, तर शब्द पाठ करायला लावू नका. एका कार्डावर मिल्क, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर, घी हे सहा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. चित्रासारखे जुळवून बघता येतात.

यादीतले आकडे म्हणजे मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक. त्यांची धास्ती मात्र सोडा. कपटी आकड्यांमागे दूध लपवतात हा समज फार पसरलाय, आणि त्यापायी लोक चांगल्या वस्तू नाकारतात. केसीन, व्हे ही मंडळी नावानेच येतात. 322 म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं. 471 चरबीपासूनचं इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं. 270 लॅक्टिक ॲसिड. नावात ‘लॅक्ट’ असलं तरी ते साधारणपणे साखर किंवा स्टार्च आंबवून करतात. 327 कॅल्शियम लॅक्टेट आणि 481 सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट त्याच कुळातले. याला अपवाद म्हणून 966 लक्षात ठेवा, लॅक्टिटॉल. ते लॅक्टोजपासून करतात आणि काही शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटांत सापडतं. कोको बटर, पीनट बटर, कोकोनट मिल्क यांतलं ‘बटर’ आणि ‘मिल्क’ नावापुरतंच. तिथे नावाला न घाबरता बाकीची यादी वाचायची. नारळाच्या दुधाच्या काही पावडरींत केसिनेट असतं.

तिसरं ठिकाण, ‘मे कन्टेन’. याबद्दल आईवडिलांचे सर्वांत जास्त गैरसमज असतात. घातलेलं दूध जाहीर करणं सक्तीचं आहे, पण कारखान्यात चुकून मिसळू शकणारं दूध जाहीर करणं उत्पादकाच्या मर्जीवर आहे. म्हणजे ‘मे कन्टेन मिल्क’ लिहिलेलं नाही याचा अर्थ शक्यता नाही असा होत नाही. आणि ‘ट्रेसेस’ लिहिलं की कमी धोका, ‘सेम फॅसिलिटी’ लिहिलं की त्याहून कमी, अशी चढती-उतरती भांजणीही नाही. ज्याला जे वाक्य सुचतं ते तो छापतो. ज्या मुलाला दमा आहे आणि ज्याचे ओठ सुजलेत, त्याला यातलं कुठलंही वाक्य असलेला माल देऊ नये, असं माझं मत. डॉक्टरांनी तपासण्या बघून सूट दिली तर गोष्ट वेगळी.

डार्क चॉकलेटला तर विशेष जपा. यादीत दूध नसतं, बाहेर ‘डार्क’ लिहिलेलं असतं, आणि तरी आत दूध सापडतं. कारण साधं आहे. चॉकलेटला पाण्याचा थेंब लागला की ते घट्ट होऊन फुटतं, म्हणून ती यंत्रं पाण्याने धूत नाहीत. पुढच्या मालानेच आधीचा माल ढकलून काढतात. मिल्क चॉकलेटनंतर डार्क निघालं की आधीचं थोडं त्यात येतंच.

आता तो पाच रुपयांचा पुडा. वेष्टन फेकलं नसेल तर शोधा. नेहमीचं बिस्किट ‘नेहमीचं’ राहत नाही, त्याची दोन कारणं असतात. कृती बदलते; आणि तेच बिस्किट अनेक कारखान्यांत बनतं. वेष्टनावर बारीक अक्षरांत चार-पाच पत्ते आणि त्यांच्यापुढे ए, बी, सी अशी अक्षरं दिसतील. बॅच नंबरच्या सुरुवातीचं अक्षर बघून माल कुठल्या कारखान्यातला ते कळतं. मोठा पुडा एका ठिकाणचा, छोटा दुसऱ्या ठिकाणचा, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच लाइनवर दूध-बिस्किटं चालत असतील. म्हणून तोच ब्रँड असला तरी वेगळा आकार म्हणजे नवी वस्तू, पुन्हा वाचायची. वाचायचं तीनदा: दुकानात उचलताना, घरी डब्यात ठेवताना, आणि मुलाच्या हातात देण्याआधी. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरचा फोटो जुन्या वेष्टनाचा असू शकतो, त्यावर विसंबू नका. बिस्किटं बरणीत ओतायची सवय असेल तर वेष्टनाचा मागचा भाग कापून बरणीतच ठेवा.

शंका असेल तर पाकिटावरच्या कस्टमर केअरला विचारा, पण “यात दूध आहे का” असं नको. त्याचं उत्तर यादीतच असतं. विचारायचं ते असं: याच लाइनवर दुधाचा माल चालतो का? मधली सफाई पाण्याने होते की कोरडी? फ्लेवरिंगमध्ये दुधाचा अंश आहे का? बॅच नंबर सांगा आणि उत्तर ईमेलवर मागा. उलट्या त्या पुड्यानेच झाल्या असं डॉक्टरांनाही वाटलं आणि लेबलवर दूध नव्हतं, तर वेष्टनाच्या फोटोसह एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या तक्रार-सेवेवर किंवा राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) तक्रार करा. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक तिथे लागतो.

एक पळवाट ठाऊक असू द्या. वेष्टनाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर घटकांची यादी न छापण्याची मुभा आहे. ती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असते. एकेकटी टॉफी, इवलंसं चॉकलेट, सॉसची पुडी यात येतात. आणि शाळेत वाढदिवसाला हेच वाटतात, खोकं दुकानातच राहतं. यादी नसलेली वस्तू तोंडात घालायची नाही, हा नियम सहा वर्षांच्या मुलाला समजतो. फक्त त्या बदल्यात काहीतरी हवं. वर्गशिक्षिकांकडे त्याच्या आवडीच्या, तुम्ही वाचलेल्या खाऊचा छोटा डबा ठेवा. कुणाचा वाढदिवस असला की याने त्यातलं एक घ्यायचं. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या परदेशी खाऊवर आयातदाराची चिकटपट्टी असते, कधीकधी मूळ लेबलवरच. खालचं दिसत नसेल तर घेऊ नका.

सुट्याकडे वळू. बटाटेवड्यात दूध नसतं, पण त्याच कढईत पनीर भजी तळली असतील तर तेलात ते उतरतं, आणि पाव लोण्यावर शेकला असेल तर बोलणंच नको. सँडविचवाल्याची सुरी एकच, मस्का, चीज आणि काकडी सगळ्यांना तीच. तिथे “चीज नको” म्हणून भागत नाही. उडपी हॉटेलात साध्या डोशाला विचारा, तवा लोण्याचा की तेलाचा, आणि रवा इडली, ढोकळा यांत ताक-दही असतं हे ध्यानात ठेवा. बेकरीतला लादीपाव बहुधा मैदा, यीस्ट, मीठ, पाणी एवढाच, पण मावा केकच्या ट्रेशेजारी कापलेला घेऊ नका. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना पदार्थांतल्या ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. मागा, संकोच करू नका. सगळ्यात अवघड जागा म्हणजे पंगत. वाढपी न विचारता वरणभातावर तुपाची धार सोडून पुढे जातो. मुलाच्या ताटाशेजारी मोठं माणूस हवंच. गोपाळकाला, पंचामृत, पेढा हे सरळ नको. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तूप घालतात, आणि वरूनही सोडतात. प्रसाद नाकारणं जिवावर येत असेल तर आरतीला निघताना खिशात केळं ठेवा, देवापुढे ठेवून तेच त्याला द्या.

घरच्या स्वयंपाकघरात फार बदलायची गरज नाही. त्याच्या पोळीला तेल, त्याचा वेगळा चमचा आणि वेगळी गाळणी. दुधाच्या पातेल्यातला डाव वरणात जात नाही ना, एवढं बघा. कॅल्शियमचं मात्र बघायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 550 मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात ते साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे 30 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून शंभरेक. तीळ आणि पालेभाज्यांनी भर पडते, तरी हिशेब पुरा होतो का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

लेबल वाचायचं राहून जातं अशी एक जागा म्हणजे औषधं. दम्यासाठी रोटाकॅप (श्वासाने ओढायच्या पावडरीची कॅप्सूल) वापरत असाल तर पुष्कळ कोरड्या पावडरींत लॅक्टोज असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. मनाने बंद करू नका, पण दुधाची ॲलर्जी असल्याचं छातीच्या डॉक्टरांना स्वच्छ सांगा. प्रोबायोटिक पुड्या आणि केसीन असलेली दातांची क्रीमही वाचून घ्या.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नाही, म्हणून त्यांना झिडकारू नका. थोड्या-थोड्या मात्रेने सहनशक्ती वाढवण्याचे उपचार खरंच आहेत, आणि केकसारखं खूप वेळ भाजलेलं दूध अनेक मुलांना आधी चालू लागतं. पण ते मोजून, दवाखान्यात, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून करतात. चमचा, थेंब, अंदाज यांवर नाही, आणि दमा असलेल्या मुलावर घरी तर मुळीच नाही. तूप जवळपास सगळं चरबीच असतं, पण घरी कढवलेल्या तुपात बेरीचे कण राहतात आणि त्यांत प्रथिन असतं. त्यामुळे एक दिवस काही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी होतं. हेच त्यांना सांगा.

ओठ सुजले होते म्हणून एक काम या आठवड्यातच करा. डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्या: काय दिसलं तर काय द्यायचं. नुसत्या गांधी उठल्या तर ॲलर्जीचं औषध. श्वास लागणं, आवाज बसणं, सतत खोकला, वारंवार उलट्या, मूल गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर ते औषध पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिन लागतं आणि 108 ला फोन. ते इंजेक्शन घरी व शाळेत ठेवायचं का, किती मात्रेचं, कसं टोचायचं, हे त्यांच्यासमोर एकदा करून बघा. मुलाला आडवं ठेवायचं. श्वास लागत असेल तर बसतं करायचं. चालवत न्यायचं नाही.

त्या भेटीला जाताना केकवाल्याला क्रीमचं नाव विचारून ठेवा, बिस्किटाचं वेष्टन न्या, दोन्ही वेळा खाल्ल्यापासून किती मिनिटांनी त्रास झाला ते लिहून न्या. बरीच मुलं मोठी होताना यातून बाहेर पडतात, म्हणून तपासणी पुन्हा कधी करायची तेही विचारा. आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा. तुपाचा प्रश्न त्यांनीच विचारावा.